पोरगं रात्री कुठं झोपलं होतं?

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब,

मी मंचर-घोडेगाव पट्ट्यात औषधाचं दुकान चालवते. डी. फार्म. होऊन बावीस वर्षं झाली, तेवढीच या काउंटरमागं. सही करणारी मी, गोळ्या मोजणारी मी, उधारीची वही लिहिणारीही मीच. राज्यात एआयचं धोरण, शेतीत एआय, जंगलात एआय असं रोज वाचते. त्यातलं थोडंफार माझ्या काउंटरपर्यंत येऊन पोचलंय. ते कसं पोचलंय हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

श्रावणातली सकाळ होती. शटर अर्धंच वर केलं होतं. वरच्या वाडीतलं एक जोडपं नऊ-दहा वर्षांच्या पोराला घेऊन आलं. "पोटात लई दुखतंय पहाटेपासनं, गॅसचं काहीतरी द्या," बाप म्हणाला आणि त्यानं फोन पुढं केला. त्यानं फोनला बोलून विचारलं होतं, पोराचं पोट दुखतंय, काय करू. फोननं छान मराठीत उत्तर दिलं होतं: अपचन, गॅस, जंत, क्वचित अपेंडिक्स, कोमट पाणी द्या, त्रास वाढला तर डॉक्टरांना दाखवा. यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. मीही कदाचित हेच सांगितलं असतं. पण पोरगं काउंटरला टेकून उभं होतं आणि त्याच्या पापण्या खाली येत होत्या. झोप आल्यासारख्या नव्हे, ओढून धरल्यासारख्या. बोलताना शब्द जड येत होते.

मी विचारलं, "पोरगं रात्री कुठं झोपलं होतं?"

"खालीच की. आम्ही समदेच खाली झोपतो."

साहेब, मण्यार चावते तेव्हा बहुतेकदा दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही शोधून सापडत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात ती शिरते, चावते, निघून जाते. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या पडतात आणि मग श्वासाचे स्नायू थांबतात. शेजारच्या वाड्यातला टोमॅटोचा पिकअप उभा होता, त्यात तिघांना बसवलं आणि पुढं दवाखान्यात फोन करून ठेवला. पोरगं काही दिवस व्हेंटिलेटरवर होतं. वाचलं.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी माझ्या फोनला तोच प्रश्न विचारला. तेच उत्तर आलं. मग जोडलं: पावसाळा आहे, मुलगा जमिनीवर झोपला होता, पापण्या उघडत नाहीत. पहिल्या ओळीत उत्तर आलं, मण्यारचा दंश असू शकतो, एक मिनिटही न दवडता रुग्णालयात न्या.

म्हणजे त्याला माहीत होतं! त्यानं विचारलं नव्हतं, एवढंच.

मला तरी कुठून माहीत? नारायणगावात डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारात हयात घातली, त्यामुळं या भागात ही लक्षणं डॉक्टर सोडून इतरांच्याही कानावर पडून राहिली आहेत. शहाणपण असंच पसरतं, कानावर पडून पडून. देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा २०२० साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा केंद्रानं मार्च २०२४ मध्ये काढला. त्या निम्म्यातली बरीच माणसं "कुठं झोपला होतास" या एका प्रश्नानं वाचतील असं मला वाटतं.

मी यंत्राच्या विरोधात नाही, हे लगेच सांगून टाकते, नाहीतर तुमचे अधिकारी पत्र बाजूला ठेवतील. क्षयरोगाचं घ्या. हातात धरता येईल एवढं एक्स-रे मशिन आणि त्यातला फोटो मिनिटाच्या आत वाचणारा संगणक; असा संगणक जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच मान्य केलाय. डिसेंबर २०२४ मध्ये जी शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम सुरू झाली तिच्यात ही यंत्रं वापरली. एक्स-रे वाचणारा रेडिओलॉजिस्ट वाडीवर कोण पाठवणार होतं? खोकल्याच्या बाटल्या विकून मी कंटाळले आहे. तिसरी बाटली मागणाऱ्याला मी थुंकी तपासायला पाठवते; यंत्र त्याला पहिल्याच बाटलीला पकडणार असेल तर मी त्या यंत्राला हळदकुंकू वाहीन.

आणि सापाच्याच बाबतीत सांगायचं तर २०२५च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये आलं की नोबेल मिळालेल्या डेव्हिड बेकर यांच्या सिएटलच्या प्रयोगशाळेनं संगणकाकडून अशी प्रथिनं रचून घेतली, जी नागाच्या जातीच्या सापांच्या विषातले काही घटक जखडून टाकतात. अजून उंदरांवरच आहे ते. पण आज सर्पदंशावर जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तातून काढलेली, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच, आणि तिच्यासाठीचं बहुतेक विष तमिळनाडूतल्या सापांचं. आपल्या मातीतल्या सापाला ती सारखीच लागू पडेल याची खात्री नसते. तेव्हा तिकडून काही येणार असेल तर आम्ही वाट बघतोय. वाट बघताना मधल्या काळात कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठतंय का बघायचं, ही घोणसाची परीक्षा चालूच राहील. तिला चार्जिंग लागत नाही.

आता वाघाचं. आमच्याकडं वाघच म्हणतात. बिबट्या हा शब्द वनखात्याचा आणि पेपरवाल्यांचा. पश्चिमेच्या डोंगरात महादेव कोळी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, ती याच वाघाची. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. दोन लेकरं, एक आजी. मंचरला पुणे-नाशिक रस्ता लोकांनी तासन्‌तास धरून ठेवला. त्याच दिवसांत दोन बातम्या शेजारी शेजारी वाचल्याचं मला आठवतं. एकीत एआयचे कॅमेरे: बिबट्या दिसला की ओळखणार आणि भोंगा वाजवणार. दुसरीत शेतात निघालेल्या बायका, गळ्यात खिळ्यांचे पट्टे. धनगर कुत्र्याला घालतात तसले. दोन्ही उपाय एकाच पट्ट्यात, एकाच महिन्यात. एकविसाव्या शतकाचा फोटो कुणाला काढायचा असेल तर तो हा.

आमच्या शेजारच्या एका वस्तीवर असा भोंगा आहे. पहिल्यांदा वाजला तेव्हा सगळे बॅटऱ्या घेऊन बाहेर आले. पुढं पुढं पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करायला लागली. मला त्यात यंत्राचा दोष दिसत नाही. माझे धाकटे दीर रात्री दारं धरायला जातात, म्हणजे उसाला पाणी द्यायला. डोक्याला बॅटरी, हातात काठी, खिशातल्या फोनवर मोठ्यानं गाणी. रात्री दोनला भोंगा वाजला तर त्यांनी काय करायचं? घरी यायचं? लाइट पहाटेपर्यंतच आहे. मोटर बंद केली तर पाणी अर्ध्या वावरात राहिलं, आणि पाळी गेली. भोंगा म्हणतो घरात बसा, लाइटचं वेळापत्रक म्हणतं वावरात जा. दोन्ही सरकारीच.

दिवसा थ्री फेज लाइट द्या, ही मागणी वाघाच्या आधीची आहे. त्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. जिथं दिवसा लाइट मिळायला लागली तिथल्या माणसाला रात्रीचं वावरात जावंच लागत नाही. म्हणून भोंगे कुठं लावायचे हे ठरवताना आधी कुणीतरी विचारावं, की या फिडरवर रात्रीची पाळी कुणाची आहे, आणि तो फिडर दिवसावर आणायला किती दिवस लागतील.

योग्य प्रश्न विचारला तर यंत्र काय करू शकतं याचं उत्तम उदाहरण आमच्याच भागात घडलेलं आहे, आणि ते पंधरा-वीस वर्षं जुनं आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात धरलेले बिबटे लांबच्या जंगलात नेऊन सोडायची पद्धत पडली होती. पकडला, नेला, प्रश्न मिटला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, सोडल्यावर तो जातो कुठं, करतो काय? त्यांच्या अभ्यासात निघालं की असे २९ बिबटे सोडल्यानंतर माणसांवरचे हल्ले, जे आधी वर्षाला सरासरी चार होते, ते चौपटीच्या वर गेले. मग २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्कर बिबट्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो जवळपास १२० किलोमीटर चालत, महामार्ग आणि रूळ ओलांडत, महिन्याभरात मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. त्याचं नाव आजोबा, त्याच्यावर सिनेमाही आला. त्या पट्ट्यात आजच्या मानानं फारशी बुद्धी नव्हती. बुद्धी विचारणाऱ्याकडं होती.

आता एक प्रश्न मी विचारते. उसाचं एआय आणि वाघाचं एआय एकमेकांशी बोलतात का?

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्टबरोबर उसात जे केलं, कमी पाण्यात जास्त उतारा, ते कौतुकाचंच आहे. जून २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळानं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी पाचशे कोटी. म्हणजे ऊस आणखी जोमदार होणार. कुकडीची पाच धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला आणि उसात वाघीण वीत गेली, हा आमचा चाळीस वर्षांचा इतिहास. ऊस सुधारण्याचं यंत्र एका खात्याचं, उसातून निघणारा वाघ हेरण्याचं दुसऱ्या खात्याचं, आणि रात्री त्याच उसाला पाणी देणाऱ्याची लाइट तिसऱ्याची. वावर मात्र एकच.

आणि माहिती आहे हो! विघ्नहरला आहे, भीमाशंकरला आहे, प्रत्येक साखर कारखान्याच्या शेतकी गट ऑफिसात आहे. कुणाच्या उसाची नोंद कधीची, कुठल्या गटातला ऊस कुठल्या आठवड्यात तुटणार, तोडणीची टोळी कुठं उतरलीय, हे तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयला तोंडपाठ असतं. वाघाची पिल्लं सापडतात ती तोडीच्या वेळी. कोयता चालत चालत मधल्या सऱ्यांपर्यंत येतो आणि पाचटात दोन-तीन पिल्लं. मग माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी येतात, पिल्लं तपासतात, क्रेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच जागी नेऊन ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब जाऊन बसतात. आई येते, हुंगते, एकेक करून उचलून नेते. हे ज्यांनी पाहिलंय ते सांगताना आवाज खाली करतात. चार दिवसांत आसपासचे ऊस तुटले की ती आई पिल्लांना घेऊन कुठं जाणार, हे तोडणी कार्यक्रमावरून शेंबडं पोरही सांगेल. मग तो कार्यक्रम भोंग्याच्या यंत्रात का जात नाही? यंत्रानं आदल्या दिवशी मेसेज करावा: उद्या अमुक गटात तोड आहे, शेजारच्या वस्तीनं पोरांना सांजच्याला बाहेर पाठवू नये, टोळीच्या कोप्या उसाच्या कडेला नकोत. टोळीतल्या बायका पहाटे चारला अंधारात चूल पेटवतात, साहेब. त्यांच्याकडं स्मार्टफोन असेलच असं नाही. मुकादमाकडं असतो.

धंद्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझा अधिकार उधारीपुरता. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये जुलै २०२३ मध्ये वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. त्या महिन्यात माझी जुनी उधारी वसूल झाली, सासऱ्यांच्या काळातलीसुद्धा. ते बघून ज्याला त्याला लागवड करावीशी वाटली आणि दिवाळीच्या आधी तोडणीची मजुरी निघेना. आता भावाचा अंदाज सांगणारी ॲप आली आहेत. माझी शंका साधी आहे. उद्या सगळ्यांच्या फोननं एकाच दिवशी सांगितलं की ऑगस्टात भाव चढणार, तर ऑगस्टात काय होईल? पूर्वी हेच काम शेजाऱ्याचं बघून व्हायचं, आता शास्त्रोक्त होईल. अंदाजाबरोबर, या तालुक्यात या आठवड्यात किती रोप विकलं गेलं, एवढा आकडा दिला तरी पुष्कळ. रोपवाटिकावाल्यांच्या वहीत तो असतो.

माझ्या काउंटरवर एक डबा आहे, पैसे जमा झाले की बोलतो. त्यानं माझा गल्ला सुधारला, फसवणूक थांबली. मी त्याचे उपकार मानते. पण आहुप्याकडच्या डोंगरातून येणाऱ्या बाया रोखच देतात, दहा-दहाच्या घडी घातलेल्या नोटा. त्या उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात, तोच चूर्ण होऊन माझ्या फळीवर परत येतो. फोडून, वेचून, वाळवून बोटांच्या रेषा राहत नाहीत. ओळख पटवणारं मशिन त्यांचा अंगठा घेत नाही. मध्यंतरी एका केंद्रावर अंगठ्याऐवजी चेहरा घेत होते. एका म्हातारीला मशिन म्हणत होतं, डोळ्यांची उघडझाप करा. तिचा एक डोळा मोतिबिंदूनं गेलेला, ऐकू कमी येतं, आणि शहरी मराठी भराभर बोललेली तिला कळत नाही. ती मशिनला नमस्कार करत राहिली. तीन वेळा. शेवटी केंद्रातल्या पोरीनं तिच्या पापण्यांवर हलकेच फुंकर घातली, तेव्हा उघडझाप झाली आणि हिरवी खूण आली. ही फुंकर कुठल्या धोरणात लिहिलेली नसते.

आम्हाला मोठ्या यंत्रांचं भय नाही, हेही ध्यानात घ्या. खोडदला आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आभाळाकडं तोंड करून उभ्या आहेत, गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या. त्यांच्या कानात गडबड जाऊ नये म्हणून आसपासच्या गावांनी काही बंधनं सोसली आणि कांदाही पिकवला. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज इथं ऐकू येते. त्याच जिल्ह्यात, ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि गाव जागेवर नाही हे बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळं. तो नेहमीच्या फेरीला गेला आणि गाव दिसेना. कुठलीही घंटा वाजली नव्हती. रोज त्या रस्त्यानं जाणारा माणूस होता म्हणून कळलं.

तर माझं मागणं. यंत्रं घेताना निविदेत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल लिहिता, तसं हेही लिहा की यंत्र बसवण्याआधी त्या गावातल्या आशाताई, चिटबॉय, वायरमन, एसटीचा चालक आणि सर्पमित्र यांच्याबरोबर दोन दिवस बसायचं आणि त्यांनी विचारलेले प्रश्न यंत्रात घालायचे. आरोग्याचं जे मराठी बोलणारं यंत्र सरकार काढेल किंवा विकत घेईल, त्यानं पोटदुखी ऐकल्यावर उत्तर देण्याआधी उलट विचारलं पाहिजे: कधीपासून, काय खाल्लं, रात्री कुठं झोपला होता. भोंगा किती वेळा खरा वाजला आणि किती वेळा खोटा, याचा कागद महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. यातलं काही महाग नाही.

आपण इकडं आलात तर दिवसा उद्घाटनाला येऊ नका. जानेवारीत रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात या. दुकान मी साडेनवाला बंद करते, दीर त्यानंतर निघतात. त्यांच्याबरोबर बांधापर्यंत जा. बॅटरी आणा, आणि बूट उंच असावेत.

आपली,
एक औषधविक्रेती, ता. आंबेगाव

ता. क. हे पत्र भाचीनं फोनवर टाइप केलं आणि शुद्धलेखन तपासायला त्यातल्याच एआयला दिलं. त्यानं ऱ्हस्व-दीर्घ चोख केलं. फक्त 'रात्री दारं धरायला जातात' याचं त्यानं 'रात्री दार धरून उभे राहतात' असं केलं होतं, आणि 'चिटबॉय'चं 'चिटिंग करणारा मुलगा'. दोन्ही मी परत होतं तसं केलं आहे.